चांदणीला वाहिलेली दशी

आमच्या घरात जुन्या गोष्टी निघाल्या की गाडी हमखास कापसाच्या तेजीवर येते. अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीचं नशीब फळफळलं. मग कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या, कुणी पोराच्या वरातीला हत्ती आणला, हे पुराण सुरू होतं. ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ नत्थुजी यांचं नाव मात्र कुणी काढत नाही. काढलंच तर हसण्यासाठी. "नत्थुजींनी तेजीत काय कमावलं?" असं एकानं विचारायचं, "नळी!" असं दुसऱ्यानं म्हणायचं, की सगळे मांडीवर थाप मारून मोकळे. मला याचा संताप येतो. त्या शेंब्या केव्हाच मोडीत गेल्या, आणि हत्ती तर भाड्याचा होता. म्हणून म्हटलं, नत्थुजींचं आपणच एकदा नीट लिहून ठेवावं.

अकोल्याला मोर्णा नदीच्या काठाला माळ्यांचे मळे होते, त्यातला एक नत्थुजींचा. तेजीच्या वर्षांत शेजाऱ्यांनी वाफे मोडून कापूस लावला. नत्थुजींनी वांगी, भेंडी आणि सांबारच ठेवला. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. यात त्यांची काही दूरदृष्टी होती असं मी म्हणणार नाही. त्यांना रोज बाजारात जाऊन चार माणसांशी बोलल्याशिवाय करमत नसे, आणि कापूस रोज बाजारात नेता येत नाही, एवढंच कारण. माणूस मोठा आनंदी आणि मोठ्या आवाजाचा. काही नवं दिसलं की त्यांच्या पोटात ते मुळी राहायचंच नाही. खरं-खोटं पारखण्याआधी अर्ध्या पेठेला सांगून झालेलं असायचं.

त्यांच्या गिऱ्हाइकांत एक कापसाचा साहेब होता. तो माडीवर उभा राहून पितळी दुर्बिणीतून वाशीमच्या रस्त्याकडे पाहत असे. लांबवर गाड्यांचा धुरळा दिसला की त्याचा माणूस घोडा पिटाळत निघायचा आणि बाकीच्या व्यापाऱ्यांना पत्ता लागण्याआधी वाटेतच सौदा करून यायचा. नत्थुजींनी एकदा भाजीची पाटी खाली ठेवून त्या नळीला डोळा लावला, आणि दोन कोसांवरचा बैल शेपटीनं माशी हाकलताना पाहून ते इतके हसले की साहेबही हसू लागला. पुढे लढाई संपत आल्याच्या तारा आल्या, भाव कोसळले, आणि साहेबानं होळीच्या सुमारास बाडबिस्तरा गुंडाळला. जाताना त्यानं ती दुर्बीण नत्थुजींच्या रिकाम्या पाटीत ठेवली. "अब किसका रस्ता देखेगा?" एवढंच म्हणाला.

नत्थुजींना पाहायला रस्ता नव्हता, पण डोक्यावर आभाळ होतं. पहिल्या दिवशी त्यांनी नळी बैलाच्या पाठीवर टेकवून चंद्र पाहिला. बैल श्वास घेई तसा चंद्र वरखाली होई. मग त्यांनी मोटेच्या चाकाचा खांब धरला आणि सुताच्या दोरीनं नळी त्याला बांधून टाकली. तिथून त्यांची आरोळी घरात ऐकू आली, "रुख्मिणी! अवो, चंद्राले देवी येऊन गेल्या! तोंडभर वण हायेत!"

रुख्मिणीबाई म्हणजे त्यांची बायको. तिला पहिल्यापासून हा उद्योग पसंत नव्हता. शनी पाहिला त्या दिवशी तर तिनं नळीवर पदरच टाकला.

"त्याच्याकडे पाहू नका. थो आपल्याकडे पाहीन."

"त्याले दोन कान हायेत," नत्थुजी कुजबुजले. "म्हनून म्हनतो, हळू बोल."

असे महिना-सव्वा महिना सुखाचे गेले. या सगळ्यात एक गोष्ट मात्र त्यांनी नळीतून पाहिली नव्हती, ती म्हणजे शुक्राची चांदणी. ती रोज संध्याकाळी पश्चिमेला दिव्यासारखी लखलखायची. जी उघड्या डोळ्यांना इतकी स्वच्छ दिसते तिला नळीतून काय पाहायचं, असा त्यांचा हिशेब. आपणही घरच्या माणसांकडे कुठे निरखून पाहतो?

त्या वैशाखात नत्थुजींच्या मुलीची, वच्छलेची, सोयरीक ठरत होती. मुलगा बोरगावचा चंद्रभान. त्याचे वडील कधीचे तीर्थाटनाला निघून गेले होते. घर, शेती आणि पोरगा तिन्ही त्याची आई माणिकबाई चालवत असे. बाई कडक. तिच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघाला की लोक तारीख लक्षात ठेवत. वच्छलेला मुलगा आवडला होता, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. अक्षयतृतीयेला कुंकू लावायचं म्हणून माणिकबाई आणि चंद्रभान आदल्या संध्याकाळीच मळ्यात मुक्कामाला आले. ती बीजेची संध्याकाळ होती.

बीजेची कोर दिसली की अंगावरच्या कापडाची एक दशी, म्हणजे कडेचा धागा, ओढून काढायची, ती चंद्राकडे टाकायची आणि म्हणायचं, "जुनं घे, नवं दे." हे आमच्याकडे लहान-थोर सगळे करत. त्या दिवशीही सगळे विहिरीपाशी पश्चिमेकडे तोंड करून उभे होते. कोर दिसली. नत्थुजींनी धोतराची दशी वाहिली आणि पाहुण्यांना चंद्र जवळून दाखवावा म्हणून नळी सोडून हातात घेतली. कोरीच्या जवळच चांदणी होती. हात हलला, आणि नळीत चंद्राऐवजी चांदणी आली.

नत्थुजींनी नळी काढली, डोळा चोळला आणि पुन्हा लावली. घरच्यांना वाटलं, डोळ्यात काही गेलं. मग त्यांनी धोतराची दुसरी दशी टरकन ओढली.

"अरे बाप्पा! चांदणीची बी बीज हाये! पाहा, पाहा! पाह्यलं का?"

खरंच होतं. नळीत चांदणी गोल ठिपका नव्हती. ती एवढीशी, धारदार, रेखीव कोर होती, बीजेच्या चंद्रासारखीच बाक असलेली आणि त्याच बाजूला पोट असलेली. माणिकबाईंनी "हे काय, बासरी?" असं म्हणत नळी हातात घेतली आणि मग कितीतरी वेळ खाली ठेवली नाही. चंद्रभानचीही पाळी आली. त्याची नळी आभाळाकडून हळूहळू खाली आली आणि मळ्याच्या टोकाला पाटावर घागर भरणाऱ्या वच्छलेवर येऊन थांबली. फारच जवळून दिसली असावी, कारण गडी कानापर्यंत लाल झाला.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण आनंद पोटात राहील तर ते नत्थुजी कसले!

"चंद्र अन् चांदणी, दोघंबी आज बीजेले निंगाले," ते म्हणाले. "मंग भरतीनबी एकाच दिवशी. ईनबाई, पुनवेले दोन चंद्र! तुमच्या पोराच्या लग्नाच्या तोंडाले दोन पुनवा!"

जन्मभर चंद्र पाहिलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? कोर दिसली म्हणजे ती वाढणार, आणि वाढली म्हणजे पौर्णिमा होणार. माणिकबाईंनाही ते पटलं. "माहं पोरगं नशिबाचं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी आंब्याच्या रसाच्या जेवणाआधी तिनं वच्छलेला हौसेनं कुंकू लावलं. चांदणी पंचांगाप्रमाणे पुढे थोडे दिवस अस्ताला जाईल, अस्तात लग्न लागत नाही, म्हणून ती पुन्हा उगवली की लग्न लावू, असं ठरलं. बोरगावला पोचल्या पोचल्या बाईंनी दोन पुनवांची वार्ता साऱ्या गावाला सांगितली.

इकडे नत्थुजी रोज संध्याकाळी पाहत होते. चंद्र भरत चालला होता. चांदणी बारीक होत चालली होती. त्यांनी नळीची काच धोतराच्या सोग्यानं पुसली. मग स्वतःचे डोळे पुसले. रुख्मिणीबाईंकडून काजळ घालून घेतलं. चांदणी आणखी बारीक झाली.

अशात एके संध्याकाळी बोरगावची दमणी मळ्यात शिरली. त्या हलक्या बैलगाडीतून माणिकबाई उतरली, आणि तिच्या मागून गावच्या चार बायका. नवल दाखवायला ती त्यांना घेऊन आली होती. नत्थुजींच्या तोंडचं पाणी पळालं. नाही कसं म्हणणार? चांदणी अगदी खाली, क्षितिजाला टेकत आली होती. माणिकबाईंनी नळी लावली. नळीत नखाच्या कडेएवढी रेघ उरली होती.

"ईवाई, तुमी म्हनले भरते. हे तं सरून राहिली."

मागच्या बायकांपैकी एकीला हसू आवरेना. माणिकबाईंचा चेहरा असा उतरला की नत्थुजींना तिची दया आली, आणि तशा वेळी दया दाखवणं म्हणजे आगीत तेल. ते काही बोलणार तोच ती म्हणाली, "ज्या चांदणीच्या साक्षीनं मी कुंकू लावलं, ते माह्या डोळ्यादेखत सरली. आता ते पुन्हा वाढतानी मले दिसली तं लगन. नाई दिसली तं सोयरीक मोडली समजा."

दमणी गेली. दोन दिवसांत चांदणीही दिसेनाशी झाली. जोशीबुवा म्हणाले, अस्त आहे, त्यात काय नवल? पण अस्ताचं नवल कुणालाच नव्हतं. प्रश्न होता तो बाईच्या शब्दाचा. ज्येष्ठात थोडेसे मुहूर्त होते, मग पाऊस, मग चातुर्मास. आणि बोरगावात चंद्रभानसाठी दुसऱ्या मुलीची बोलणी सुरू झाल्याचं कुणीतरी बाजारात सांगितलं. वच्छलेनं गाणं थांबवलं. वाफ्यांना पाणी लावताना ती नेहमी गुणगुणत असे, आणि तो मळा गप्प झालेला नत्थुजींना सहन होईना. त्यांनी नळी ज्वारीच्या कणगीत खोल पुरून टाकली आणि बाजारात बोलणंसुद्धा सोडलं. वांगी तोलून द्यायचे आणि मान खाली.

पौर्णिमा आली, एकाच चंद्राची. पुढे चार-पाच दिवसांनी पहाटे मोट जुंपायच्या वेळी वच्छलेला नदीपलीकडच्या बाभळींत काहीतरी चमकताना दिसलं. ती धावत घरात गेली, कणगीत कोपरापर्यंत हात घालून नळी काढली आणि बापापुढे धरली.

"बावा, पूर्वेले उगवली. पाहा."

"नाई पाहत, बाई. माह्या पाहन्यानंच इस्कोट झाला."

"मंग मी पाहातो," असं म्हणून वच्छलेनं नळी डोळ्याला लावली, आणि नत्थुजींना राहवलं नाही. आळीपाळीनं दोघांनी पाहिलं. कोर तर होतीच. पण उलटी! पोट पूर्वेकडे, पाठ पश्चिमेकडे, अगदी अमावास्येच्या आधी पहाटे चंद्र दिसतो तशी. म्हणजे मरायला टेकलेल्या चंद्रासारखी.

"कोनाले सांगू नका," रुख्मिणीबाई म्हणाली. "उघड्या डोयानं चांगली गोल दिसते. ईनबाईले म्हना, उगवली, अन् मोकळे व्हा."

सल्ला व्यवहाराचा होता. मी असतो तर ऐकला असता. नत्थुजींनी पाटीत वांगी भरली, वांग्यांवर नळी ठेवली आणि बोरगावची वाट धरली.

माणिकबाई ओसरीवर कापूस निवडत बसली होती. तिनं पाणी दिलं, पण 'बसा' म्हटलं नाही.

"चांदणी उगवली," नत्थुजी उभ्यानंच म्हणाले. "पन कोर उलटी हाये. अवसेच्या चंद्रासारखी."

"म्हंजे सरतेच का अजून?"

"मले माहीत नाई."

बाईंनी मान वर केली. नत्थुजींच्या तोंडून हे वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"मागच्या खेपी मी न पाहताच सांगतलं, ईनबाई. आता पाह्यल्याबिगर सांगत नाई. वाढते का सरते, ते तुमीच पाहा." आणि त्यांनी नळी तिच्यापुढे ठेवली. "घरीच ठेवा. धाब्यावरून पूर्व मोकळी दिसते."

रिकामी पाटी घेऊन ते परतले तेव्हा रुख्मिणीबाईंनी कपाळावर हात मारला. "पोरीची सोयरीक जाऊन राहिली, अन् हे नळीबी देऊन आले!"

नत्थुजींनी पुढचे दिवस कसे काढले असतील ते मला कळतं. चांदणी रोज पहाटे दिसत होती, पण उघड्या डोळ्यांना नुसता उजेड. आत ती जगते आहे की मरते आहे हे बोरगावच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, एका बाईला दिसत होतं, आणि ती बाई काही कळवत नव्हती. अमावास्या दोन-तीन दिवसांवर आली तेव्हा निरोप आला. सगळ्यांनी मुक्कामाला यावं, पोरीलाही आणावं. चांगलं आहे की वाईट, निरोप्याला माहीत नव्हतं. "बाई रोज धाब्यावर असते," एवढंच तो म्हणाला.

पोचले त्या रात्री माणिकबाईंनी जेवायला वाढलं, झोपायला जागा दिली, चांदणीचा शब्द काढला नाही. पहाटे मात्र स्वतः येऊन एकेकाला हलवलं. सगळे धाब्यावर चढले. पूर्वेला फटफटायला लागलं होतं. झाडांच्या शेंड्यांवर चंद्राची शेवटची कोर होती, अगदी अशक्त, आणि तिच्याजवळच चांदणी.

"पाहा," बाईंनी नळी नत्थुजींच्या हातात दिली. "आधी चंद्र, मंग चांदणी."

दोन्ही कोरींचा बाक एकाच बाजूला होता. बीजेच्या संध्याकाळी होता तसाच, फक्त सगळं उलट.

"सारखेच दिसतेत," ते कसेबसे म्हणाले.

"आज सारखे दिसतेत. मी रोज पाहून राहिली." माणिकबाई बोटांवर मोजत सांगू लागली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की चंद्रभान आईकडे पाहतच राहिला. "नळी आनली तवा चांदणी केसावानी होती. मंग झाली सुतावानी. मंग दशीवानी. आता पाहा, चांगली सुतळीवानी जाड झाली! चंद्र रोज बारीक होये, अन् हे रोज जाड. तोंड एकीकडे, पन चाल उलटी! तुमची चांदणी चंद्राचं ऐकत नाई, ईवाई. तिचं तिचं चालते!"

नत्थुजींनी पुन्हा नळी लावली. खरंच, मळ्यात दिसली होती त्याहून कोर कितीतरी भरली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि नळीत एकाच्या चार चांदण्या झाल्या.

"मंग आता सांगा," बाई करड्या आवाजात म्हणाली. "येत्या पुनवेले भरन का पुरी?"

रुख्मिणीबाईंनी मागून नत्थुजींचा सोगा ओढला. नवऱ्याची जीभ ती ओळखून होती. नत्थुजींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "सांगत नाई, ईनबाई. पाहू."

माणिकबाई हसली. खळखळून हसली. त्या घराच्या धाब्यावर असं हसू वर्षानुवर्षं ऐकू आलं नव्हतं, हे मला चंद्रभानच्या नातवानं सांगितलं आहे. मग तिनं आपल्या लुगड्याचा पदर पुढे घेतला आणि त्याची दशी ओढली. दशी चिवट निघाली, पदराला चुण्या पडल्या, पण बाईंनी ती काढलीच. ती चांदणीकडे टाकली आणि हात जोडले.

"जुनं घे, नवं दे," ती म्हणाली. मग वच्छलेकडे वळली. "बीजेच्या चंद्राले आपन हात जोडतो, पोरी. पुनवेपर्यंत थांबतो का? चाल खाली, चुलीवर दूध ठेव. घर तुहंच हाये."

वच्छला जिना उतरली, आणि दोन पायऱ्या उतरल्यावर तिचं गुणगुणणं वर ऐकू आलं.

लग्न ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर झालं. चांदणी पुढे खरंच पूर्ण गोल झाली, पण त्याला दिवाळीही उलटून गेली, आणि तोवर ती दूर जाऊन राईएवढी दिसू लागली होती. त्या दिवशी माणिकबाई मुद्दाम दमणी जुंपून मळ्यात आली आणि म्हणाली, "तुमचं खरं होतं, ईवाई. तुमी फक्त घाई केली." नळी मात्र तिनं परत दिली नाही. ती पाहायच्या निमित्तानं नत्थुजी महिन्यातून एकदा बोरगावला जात आणि लेकीच्या हातचं जेवून येत, म्हणून त्यांनीही मागितली नाही.

पण मला आवडतं ते लग्नातलं. मांडवात माणिकबाई मुद्दाम तेच चुण्या पडलेलं लुगडं नेसून आली होती. रीतीप्रमाणे नत्थुजींनी विहिणीला लुगडं दिलं, हिरवंगार, रुंद काठाचं. बाईंनी ते उलगडलं, दोन्ही हातांत उंच धरलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"पाहा वो! एक दशी देल्ली होती. चांदणीनं अख्खं लुगडं देल्लं!"